अर्ध्या हळकुंडाने पिवळा

तुझं नाव इथे घेत नाही. ग्रुपवर सगळी बॅच आहे, आणि कुणाला बोलतेय ते तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल. बाकीच्यांनी दात काढू नका. त्याने टाकलेल्या त्या व्हिडिओला तुमच्यातल्या निम्म्यांनी अंगठा दिलाय आणि उरलेल्यांनी तो आपापल्या घरच्या ग्रुपवर ढकललाय. तेव्हा ही कानउघाडणी सगळ्यांची आहे. ‘बाई, आता आम्ही मोठे झालो’ वगैरे मला सांगू नका. मोठे झालात म्हणूनच तुमच्या चुकीने माणूस मरू शकतं. शाळेत होता तेव्हा फार तर गुण जायचे.

तुझ्या आईला भेटून आले. जिभेच्या मुळाशी गाठ, आठवड्यातले पाच दिवस किरणांचा शेक, जोडीला आठवड्याची किमो, असे सात आठवडे काढायचेत. तोंड आतून सोलवटून निघालंय, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. अशा तोंडात तू काय घालतोस? सकाळी लिंबूपाणी, मग हळदीचा काढा, मग कडुलिंबाच्या पाल्याचा रस. आणि तिच्यापुढून काय उचललंस? तांदळाची पेज, मऊ भात, केळं, दूध, खीर. सोललेल्या तोंडावर लिंबू! शाळेत विंचू चावला म्हणून रडला होतास, तेव्हा मी त्यावर लिंबू पिळलं असतं तर तुझ्या आईने मला सोडलं असतं का?

कारण विचारलं तर मलाच शिकवायला लागलास. ‘बाई, कॅन्सरची पेशी साखरेवर जगते. साखर तोडली की ती उपाशी मरते. जर्मन शास्त्रज्ञाला त्याचं नोबेल मिळालंय.’ अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास तो असा. तुझं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चूक, तिसरं साफ खोटं. एकेक घेऊ.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण खोटं आधी झाडून टाकलेलं बरं. त्या शास्त्रज्ञाचं नाव ओटो वॉरबुर्ग. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्याने गाठीचे पातळ काप घेतले आणि ते किती साखर आणि किती प्राणवायू घेतात ते मोजलं. प्राणवायू भरपूर असतानाही ते काप ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत होते. निरोगी पेशी असं सहसा प्राणवायू अपुरा पडला तरच करते. शोध मोठा होता, वादच नाही. पण १९३१ चं नोबेल त्याला मिळालं ते पेशीच्या श्वसनातल्या विकराचं स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल. ‘साखरेने कॅन्सर होतो हे सिद्ध केलं’ म्हणून त्याला कुणी पदक दिलेलं नाही. तुझ्या व्हिडिओतल्या गृहस्थांनी ते स्वतःच्या हाताने दिलं. आणि ऐक, वॉरबुर्गसुद्धा निम्मा चुकला होता. कॅन्सरच्या पेशीतली तंतुकणिका मोडलेली असते, म्हणून ती असं वागते, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे कळलं की बहुतेक कॅन्सरमध्ये तंतुकणिका धडधाकट असते आणि कामही करते. म्हणजे पेशीला नीट श्वसन जमत नाही असं नाही. जमत असूनही ती दुसरा मार्ग धरते.

का धरते? हे मी तुम्हाला शिकवलं होतं, तुम्ही घोकून लिहिलं आणि विसरलात. एका ग्लुकोजचं लॅक्टेट केलं की पेशीला दोन एटीपी मिळतात. तंतुकणिकेत नेऊन पूर्ण जाळलं की ३० ते ३२. (तुमच्या वेळच्या पुस्तकात ३८ होते. पुस्तकं सुधारतात, तुम्ही सुधारत नाही.) मग तीस सोडून दोनावर समाधान मानणारी पेशी मूर्ख का? मुळीच नाही. तिला नुसती ऊर्जा नको असते, तिला दुसरी पेशी उभी करायची असते. त्यासाठी डीएनए हवा, पडद्यांसाठी मेद हवा, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं हवीत. ग्लुकोज पूर्ण जाळलं तर त्यातला कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो. ग्लुकोज-विघटनाच्या वाटेवर मध्येच फाटे काढले तर तोच कार्बन बांधकामाला लागतो. एका फाट्यातून डीएनएसाठीचा रायबोज निघतो आणि मेद बांधायला लागणारं एनएडीपीएच निघतं, दुसऱ्या फाट्यातून सेरिन. हे सगळं अखंड चालू ठेवायचं तर ग्लुकोजचा लोंढा आत यायला हवा आणि वापरलेलं एनएडी पुन्हा मोकळं व्हायला हवं. लॅक्टेट करून टाकलं की ते मोकळं होतं. म्हणून लॅक्टेट.

लोंढा आत येतो तो बिघडलेल्या जनुकांमुळे. पेशीला ‘वाढ’ म्हणून हुकूम देणारी मिक किंवा पीआय-३-के यांसारखी यंत्रणा कायमची चालू राहिली की पेशीच्या पडद्यावर ग्लुट-१ नावाची ग्लुकोजची दारं वाढतात. आत आलेलं ग्लुकोज हेक्झोकायनेज-२ हे विकर फॉस्फेट चिकटवून अडकवून ठेवतं. गाठीच्या आत प्राणवायू कमी पडला की एचआयएफ-१ हे प्रथिन हाच प्रकार आणखी वाढवतं. बाहेर टाकलेल्या लॅक्टिक आम्लाने आजूबाजूची जागा आंबट होते, आणि गाठीवर चालून आलेल्या टी-पेशी तिथे मंदावतात. त्या टी-पेशींनाही लढायला ग्लुकोजच लागतं, ही गोष्ट तुझ्या व्हिडिओत नव्हती. तुझ्या आईच्या बाजूने लढणारे सैनिकही त्याच साखरेवर जगतात, रे बाबा.

तर तुझं पहिलं वाक्य बरोबर, त्याचे गुण घे. आता दुसऱ्या वाक्याकडे ये, जिथे तू आईला उपाशी पाडलंस.

तिची फाइल मी उघडून बघितली. त्यात पेट स्कॅनचा रिपोर्ट आहे, तूच मला बोट ठेवून दाखवलास: ‘बघा बाई, एफडीजी ॲव्हिड. गाठ साखर खाते, लिहूनच दिलंय.’ ते खरंच आहे. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोजचं नक्कल रूप. ग्लुट-१ च्या दारातून ते आत जातं, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं, पण पुढची पायरी त्याला चढता येत नाही. ते पेशीतच अडकतं आणि मशीनला दिसतं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून ते जवळच्या सायक्लोट्रॉनमध्ये बनवून घाईने आणावं लागतं. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. वॉरबुर्गचा शोध तुझ्या आईच्या कामी आला तो इथे, गाठ कुठवर पसरली आहे ते दाखवायला. एवढंच घेऊन तू पळालास. त्याच पानावरच्या आणखी दोन ओळी वाचल्या नाहीस.

पहिली ओळ: मेंदूत आणि हृदयात ‘फिजिऑलॉजिक अपटेक’. म्हणजे निरोगी मेंदूही एफडीजी ओढतो, गाठीसारखाच लख्ख दिसतो. तो दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो. तांबड्या रक्तपेशींना तर तंतुकणिकाच नसते, त्या आयुष्यभर ग्लुकोजचं लॅक्टेट करूनच जगतात. टीबीची गाठसुद्धा त्या स्कॅनमध्ये चमकते. साखर खाणारा तो शत्रू, असं ठरवलं तर पहिली फाशी तुझ्या मेंदूला द्यावी लागेल. तो अलीकडे फारसा वापरात नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी ओळ वर कोपऱ्यात आहे, कुणी बघत नाही अशी. इंजेक्शनआधी बोट टोचून घेतलेली रक्तातली साखर: ९४. आता डोकं चालव. स्कॅनच्या आधी आईला किती वेळ उपाशी ठेवलं होतं? सहा तास. पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं, तरी साखर ९४! ती कुठून आली? तुझ्या घरातल्या डब्यातून? तिच्या यकृतातून आली.

हे तुझं राहिलेलं अर्धं उत्तर. माणूस जेवो न जेवो, शरीर रक्तातली साखर साधारण ७० ते १०० च्या दरम्यान धरून ठेवतं, कारण ती कोसळली तर मेंदू बंद पडतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेनचा साठा असतो, तो दिवसभराच्या उपासात जवळजवळ संपतो. त्यानंतर यकृत नवं ग्लुकोज बनवायला घेतं. कशापासून? चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, लॅक्टेटपासून आणि स्नायूंच्या प्रथिनांतून सुटलेल्या अमिनो आम्लांपासून. म्हणजे पेज तू बंद केलीस तरी गाठीचं जेवण बंद झालं नाही. तिला आता तुझ्या आईच्या दंडाचं आणि मांडीचं मांस वितळवून जेवण मिळतंय. गेल्या वेळी भेटले तेव्हा तिच्या हातात बांगड्या घट्ट होत्या. आता कोपरापर्यंत सरकतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी तुझी तऱ्हा.

पुढचं ऐकून घे, अजून संपलेलं नाही. १९२५ साली कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोने एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतलं रक्त तपासलं. गाठीच्या बाजूने परत येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त. याच दोघांच्या नावाने ते चक्र ओळखलं जातं: स्नायूने किंवा गाठीने टाकलेलं लॅक्टेट यकृत उचलतं आणि त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. हिशेब मांड. गाठीने ग्लुकोजचं लॅक्टेट केलं, तिला दोन एटीपी मिळाले. यकृताने त्याचं ग्लुकोज परत बांधलं, त्याचे सहा गेले. प्रत्येक फेरीत शरीराला चारचा तोटा. कॅन्सरचा रोगी दोन घास खाऊनही वाळत जातो, त्यामागे ही एक गळती आहे. मोठी गाठ म्हणजे असं घर, जिथे आधीच खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे, आणि तू त्या घराची मिळकत थांबवलीस. शिवाय अनेक गाठी ग्लुटामिनवर आणि मेदाम्लांवरही भागवतात. एक दार लावलंस तर त्या दुसऱ्यातून आत येतात.

‘पण बाई, प्रयोगात साखर काढली की कॅन्सरच्या पेशी मेल्या, असं दाखवलंय.’ कुठे दाखवलंय? बाटलीत. भारतात पेशी बाटलीत वाढवायची पहिली प्रयोगशाळा उभारली ती आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात. त्याच संस्थेचं आजचं रूप २००२ पासून आपल्या खारघरला आहे, टाटाचं ॲक्ट्रेक. बाटलीतल्या पेशींवर शिकायला पुष्कळ मिळतं, मी ते मुळीच कमी लेखत नाही. पण बाटलीत यकृत नसतं. बाटलीतल्या पाण्यातली साखर काढली तर ती भरून द्यायला तिथे कुणी नाही. तुझी आई बाटली नाही.

उंदरांचंही सांगते. पीआय-३-के थांबवणारी औषधं दिली की शरीरात इन्शुलिन वाढतं आणि औषधाचा जोर ओसरतो. २०१८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा उंदरांना जवळजवळ पिष्ट नसलेला, भरपूर मेदाचा आहार दिला. इन्शुलिन खाली राहिलं आणि औषध चांगलं लागू पडलं. ही अर्धी बातमी तुमच्या फोनवर आली. उरलेली अर्धी आली नाही: त्याच अभ्यासात औषधाशिवाय नुसता तो आहार दिलेल्या उंदरांमध्ये एका जातीचा रक्ताचा कॅन्सर उलट वेगाने वाढला. म्हणजे असा आहार कुठल्या कॅन्सरला, कुठल्या औषधाबरोबर द्यायचा हे तज्ज्ञाने ठरवायचं काम आहे. द्रोणागिरीच्या सेक्टरमधल्या तुझ्या घरी, तिसऱ्या मजल्यावर बसून ठरवायचं नाही.

तुझ्या व्हिडिओतले लिंबू-हळद-कडुलिंब कुठून आले तेही मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषद घेऊन पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाल्याचं सांगितलं आणि त्यात अशा आहाराचं माहात्म्य वर्णिलं. लगेच टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांच्या सहीचं निवेदन निघालं. संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी ते लोकांपुढे ठेवलं. त्याचा आशय सरळ होता: या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, यांच्या नादाने उपचार लांबवू नका, कॅन्सर लवकर सापडला तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपीने बरा होऊ शकतो. त्या बाईंनीही शस्त्रक्रिया आणि किमो घेतलीच होती. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांच्या जोडीला होता. पत्रकार परिषद तुम्ही सगळ्यांनी बघितली, खुलासा कुणी बघितला? निवेदन कुणी पुढे पाठवलं? एकानेही नाही.

आता उपचाराच्या हिशेबात तुझा उपास काय करतो ते बघ. किमोचा डोस उंची आणि वजनावरून, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ठरतो. वजन झपाट्याने उतरलं, रक्ताचे आकडे पडले, की डॉक्टर डोस पुढे ढकलतात. घशाच्या कॅन्सरला शेकात खंड पडला तर त्याचा परिणाम घटतो, हे पक्कं ठाऊक आहे. म्हणजे ज्या उपचाराने गाठ खरोखर मरते, त्यालाच तू खीळ घालतोयस. कॅन्सरच्या रोग्याला दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं द्यावीत, असं युरोपातल्या वैद्यकीय पोषणाच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. आईचं वजन ४४ धर. म्हणजे १,१०० ते १,३२० कॅलरी आणि ४४ ते ६६ ग्रॅम प्रथिनं. तुझ्या लिंबूपाण्यात, काढ्यात आणि पाल्याच्या रसात मिळून किती भरतात ते काढून दाखव. बेरीज तरी येते ना अजून?

मी साखरेची वकिली करत नाही. दुसऱ्या टोकाला धावू नका. साखर चढवून वाढलेला लठ्ठपणा तेरा प्रकारच्या कॅन्सरशी जोडलेला आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवलीच पाहिजे. तुम्ही सगळे तिशी-पस्तिशीत पोटं वाढवून बसलात, कोल्ड्रिंकच्या बाटल्या फ्रिजमध्ये भरून ठेवल्यात, त्या सोडा. त्याला माझे आशीर्वाद. पण धडधाकट माणसाने साखर कमी करणं वेगळं आणि किमो चालू असलेल्या बाईची पेज तोडणं वेगळं. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने विज्ञान शिकलो असं सांगू नये.

आणि आता जे बोलायचं ते तुझ्या तोंडावर बोलते. खिरीची वाटी उचलताना तुझ्या शर्टाच्या खिशात काय होतं? गुटख्याची पुडी. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तुझ्या खिशात. तुझ्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावतात. सकाळी तुझी बायको तीच घासत होती, चार वर्षांची पोर बाजूला बसून बघत होती. डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ सालीच मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा छापला होता. तंबाखू चघळण्याचा तोंडाशी काय संबंध आहे हे इथल्या लोकांना तेव्हापासून सांगितलं जातंय. न जाळता वापरायची तंबाखू आणि सुपारी, दोन्ही निर्विवाद कॅन्सरकारक म्हणून नोंदलेल्या आहेत. साखर त्या यादीत नाही. ज्याने कॅन्सर होतो ते खिशात ठेवायचं आणि आईच्या ताटातली पेज तोडायची! लाज वाटू दे थोडी.

ज्या डोंगराच्या नावाने तुमच्या त्या वसाहतीला द्रोणागिरी म्हणतात, त्याची गोष्ट करंजा गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मारुतीला संजीवनी ओळखता आली नाही, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलून आणला. तुला कॅन्सरची एक गोष्ट ओळखता आली नाही, म्हणून तू अख्खा डोंगर समुद्रात ढकललास. आणि मारुती निघण्याआधी सुषेण वैद्याला विचारून निघाला होता. तू कुणाला विचारलंस? आहारतज्ज्ञ बाई त्याच ओपीडीत बसतात, त्यांच्या दारावरून तू रोज आईला शेकाला नेतोस.

तेव्हा आता ऐक, आणि लिहून घे.

आज रात्रीच पेज सुरू कर. पातळ, कोमट, मीठ बेताचं, त्यात तूप. तिखट, आंबट, गरम काही नाही. अंडं, दूध, दही, मूगडाळीचं पाणी, मऊ केळं, थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. मधुमेह नाही तिला, फाइलीत लिहिलंय. काढे आणि रस आजपासून बंद. किमोच्या औषधांबरोबर ते चालतात की नाही, हे डॉक्टरांना न विचारता एक थेंबही नाही. उद्या शेकाला जाशील तेव्हा आधी आहारतज्ज्ञाकडे जा, गेल्या महिन्याचं वजन आणि आजचं वजन दोन्ही सांग, आणि काय काय बंद केलं होतंस ते लपवू नकोस. गिळणं फारच कठीण झालं तर नाकातून नळी घालायला सांगतील. घाबरू नकोस, नकार देऊ नकोस. नळी ही हार नव्हे, सात आठवडे पार पाडण्याची सोय आहे.

बाकीच्यांनी: ज्याने ज्याने तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्याने त्याच ग्रुपवर जाऊन ‘हे चुकीचं आहे, उपचार आणि जेवण दोन्ही चालू ठेवा’ असं स्वतःच्या नावाने लिहायचं. कुणाकुणाच्या घरी आजारी माणूस आहे ते आपल्याला माहीत नसतं. डिलीट करून गप्प बसलात तर चालणार नाही, वाचणाऱ्याने तो आधीच वाचलाय.

आणि तू, पुडी आजच टाक. रविवारी मी येणार आहे. आईचं वजन, तिने दिवसभरात काय काय खाल्लं त्याची वही, आणि तुझा खिसा, तिन्ही तपासणार.